कॅमेऱ्याची बॅग ही बॅग नसते

वकीलबाईंनी आमची बॅग टेबलावर आडवी ठेवली, चेन उघडली, आतले फोमचे कप्पे एकेक करून काढले आणि म्हणाल्या, "आता ही अठरा नंबरची झाली." मग कप्पे परत जागच्या जागी बसवले. "आता नऊ."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नाही. ट्रेडमार्कच्या अर्जात नुसतं नाव देऊन भागत नाही, ते नाव कशाकशावर लावणार हेही सांगावं लागतं, आणि त्यासाठी जगभरातल्या वस्तू-सेवांचे ४५ वर्ग पाडून ठेवलेत. पहिले ३४ वस्तूंचे, उरलेले ११ सेवांचे. १९५७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात झालेल्या कराराची ही वर्गवारी, म्हणून तिला नीस वर्गीकरण म्हणतात. साधी पाठपिशवी १८व्या वर्गात, चामड्याच्या वस्तूंच्या शेजारी. खास कॅमेऱ्यासाठी बेतलेली बॅग मात्र ९व्या वर्गात, कॅमेऱ्याच्या सोबत. लॅपटॉपची बॅगही तिथेच. कापड तेच, मशीन तेच, शिवणारा हातही तोच. आमच्या देशातला अर्ज आम्ही अकरा महिन्यांपूर्वी स्वतःच भरला होता, वकिलाचे पैसे वाचवून. त्यात लिहिलं होतं, वर्ग १८, बॅगा. आणि आमची निम्मी विक्री कॅमेऱ्याच्या बॅगांची होती.

वकिलाचे वाचवलेले पैसे कुठे जातात, ते मला तिथेच कळलं.

आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो ते भलत्याच कामासाठी. परदेशातून ऑर्डरी यायला लागल्या होत्या, एका ठिकाणी वितरकही नेमला होता, आणि माझा धाकटा भाऊ, जो धंद्यात माझा भागीदार आहे, रोज मागे लागला होता, "ताई, एकदाचा इंटरनॅशनल ट्रेडमार्क काढून टाकू." बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, असलं काही नसतंच. ट्रेडमार्कचा हक्क देशाच्या हद्दीपुरता. एका देशात नाव तुमचं आहे म्हणून शेजारच्या देशात ते तुमचं होत नाही. बर्गर किंग १९७१ साली ऑस्ट्रेलियात गेलं तेव्हा ते नाव तिथे आधीच दुसऱ्या कुणाचं होतं. म्हणून तिथली दुकानं आजही हंग्री जॅक्स नावाने चालतात. भाऊ म्हणाला, "म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला पाटी बदलावी लागली?" बाई म्हणाल्या, "तुमची पाटी छोटी आहे, बदलायला सोपी जाईल." त्यांचं बोलणं असंच असायचं.

मग मार्ग दोन. एक तर प्रत्येक देशात तिथला वकील धरून स्वतंत्र अर्ज करायचा. नाहीतर माद्रिद पद्धतीने जायचं. माद्रिदचा मूळ करार १८९१चा, पण आज सगळा व्यवहार चालतो तो १९८९च्या प्रोटोकॉलवर. आपल्या देशातला अर्ज किंवा नोंदणी पायाला धरायची आणि आपल्याच कार्यालयामार्फत एकच अर्ज जिनिव्हाला, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे पाठवायचा. या संघटनेला सगळे वायपोच म्हणतात. अर्जात हवे ते देश निवडायचे. भाषा एक, अर्ज एक, पैसे एका जागी, स्विस फ्रँकमध्ये. निर्णय मात्र प्रत्येक देश आपापल्या कायद्याने घेतो. जिनिव्हाचं काम टपालखात्याचं, न्यायाधीशाचं नव्हे. हे वाक्य बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्हाला ते समजायला दीड वर्ष लागलं.

आणि या पद्धतीचा कणा असा की पायाच्या अर्जात जे नाही, ते पुढे कुठल्याही देशात मागता येत नाही. म्हणजे आमच्या 'वर्ग १८, बॅगा'वर जग हिंडायला निघालो असतो, तर कॅमेऱ्याच्या बॅगा सगळीकडे उघड्या पडल्या असत्या. म्हणून आधी आपल्याच देशात ९व्या वर्गाचा दुसरा अर्ज, आणि मग दोन्ही अर्ज पायाला धरून जिनिव्हाचा एक.

१८८३च्या पॅरिस करारामुळे एक सवलत मिळते. पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला, तर तो पहिल्या अर्जाच्या तारखेलाच केला असं धरतात. मधल्या काळात कुणी तेच नाव घेऊन पुढे घुसला तरी तो मागे पडतो. १८व्या वर्गाच्या बाबतीत आम्ही अकराव्या महिन्यात उगवलो होतो, त्यामुळे ती सवलत गेलेली. ९व्या वर्गाला मिळाली. हा पाच महिन्यांचा उशीर पुढे नेमका कुठे बोचणार आहे, ते तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

९व्या वर्गाची यादी करायला भाऊ बसला आणि इथे दुसरी चूक झाली. आधी कमी लिहिलं होतं म्हणून आता त्याने जास्त लिहिलं. कॅमेऱ्याच्या बॅगा, लॅपटॉपच्या बॅगा, इथवर ठीक. मग चार्जर, इयरफोन, मोबाइल ॲप, आणखी काय काय. "टाकून ठेवू ना, फी तर वर्गाची आहे, ओळीची नाही." बाईंनी एकदा सांगून पाहिलं की जे विकत नाही ते लिहू नका. पण पहिल्या चुकीने मीही पोळले होते, मी भावाची बाजू घेतली. बाईंनी खांदे उडवले आणि यादी पाठवली.

नावाबद्दल थोडं. नाव इथे लिहीत नाही, कारण एका देशातलं प्रकरण अजून चालू आहे. पण हे नाव आमचं दुसरं. भावाला पहिल्यांदा 'तोर्बा' सुचलं होतं, कुठून ते देव जाणे. म्हणायला सोपं, ऐकायला दणकट. मला आवडलंही होतं. मग कळलं की पोलिश, क्रोएशियन आणि तुर्की भाषेत तोर्बा म्हणजे पिशवीच. पिशवीला पिशवी म्हणण्याचा मक्ता कुणा एकाला मिळत नाही. युरोपीय संघात तर २७ देशांची मिळून एकच नोंदणी होते आणि संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत. त्यातल्या एका भाषेत जरी शब्द निव्वळ वर्णनाचा निघाला, तरी अख्ख्या संघातला अर्ज अडतो. ते नाव आम्ही टॅग छापायच्या आधी सोडलं. एवढी एकच गोष्ट वेळेत केली.

भावाला नारिंगी रंगातला लोगोही हवा होता. जिनिव्हाची मूळ फी काळ्या-पांढऱ्या चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक आणि रंगीत चिन्हाला ९०३. शिवाय पायाच्या अर्जात जसं चिन्ह आहे तसंच्या तसं पुढे न्यावं लागतं, मध्येच रंग भरता येत नाही. आमचा पायाचा अर्ज नशिबाने साध्या अक्षरांचा होता. साध्या अक्षरांची नोंदणी म्हणजे लोगो दहा वेळा बदला, नाव राखलेलं राहतं. फीचं खरं ओझं मात्र या ६५३चं नसतंच. बरेच देश आपली वेगळी फी लावतात, वर्गागणिक, आणि देश वाढले की बेरीज वाढते. वायपोच्या संकेतस्थळावर फीचा हिशेब करून देणारं साधन आहे. भावाने तिथे एका रात्री जगातले सगळे देश निवडले आणि सकाळी मुकाट्याने सहा ठेवले. तैवान त्या सहांत नव्हतं, कारण ते माद्रिदमध्ये नाहीच. तिथे सरळ तिथल्या वकिलामार्फत अर्ज केला.

चीन मात्र हवाच होता. तिथे आम्ही काही विकत नव्हतो, पण बकला आणि चेन तिथून येत होत्या. चीनमध्ये आधी वापरणाऱ्यापेक्षा आधी अर्ज करणाऱ्याचं चालतं, आणि नोंदणी असलेला माणूस निर्यातीचा मालही सीमेवर अडवू शकतो. तिथे आणखी एक गंमत आहे. एकेका वर्गाच्या आत उपवर्ग पाडलेत. लॅपटॉपची बॅग संगणकांच्या उपवर्गात, कॅमेऱ्याची छायाचित्रणाच्या. एका उपवर्गात नाव घेतलं म्हणून दुसऱ्यात ते राखलं जाईलच असं नाही. तेव्हा आमची यादी लांब होती ते बरंच झालं, असं मला वाटलं. एका ठिकाणी शहाणपणाची ठरलेली गोष्ट दुसरीकडे अंगाशी येते, हा या कामाचा सगळ्यात वैताग आणणारा भाग.

अर्ज गेला. काही आठवड्यांनी जिनिव्हाहून त्रुटीचं पत्र आलं. यादीतला 'ॲक्सेसरीज' हा शब्द मोघम आहे, तीन महिन्यांत खुलासा करा. केला. मग नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. देखणं, क्रमांक घातलेलं, वर आमचं नाव. भावाने ते त्याच दिवशी फ्रेम करून घेतलं आणि नव्या टॅगांवर वर्तुळातला आर, म्हणजे नाव नोंदलेलं असल्याची खूण, छापायची ऑर्डर द्यायला निघाला. बाईंनी फोनवरच थांबवलं. हे प्रमाणपत्र म्हणजे अर्ज नीट नोंदला गेला, इतकंच. हक्क मिळायचा तो त्या त्या देशाने नकार न दिल्यावर. नकार द्यायला प्रत्येक देशाला बारा महिने असतात, काहींनी अठरा घेतलेत. नोंदणी नसलेल्या देशात वर्तुळातला आर लावणं कित्येक ठिकाणी गुन्हा आहे. टीएम लावा, ती नुसती ट्रेडमार्क असल्याची खूण, तिला कुणी विचारत नाही.

त्याच महिन्यात आणखी पत्रं यायला लागली. जाड कागद, वर राजमुद्रेसारखं काहीतरी, आमचा अचूक नोंदणी क्रमांक, अचूक तारीख, आणि खाली भरायची रक्कम. 'आंतरराष्ट्रीय नोंदवहीत प्रकाशनाची फी'. पहिल्या पत्राचे पैसे मी भरणारच होते. बँकेच्या पानावर खातेदाराचं नाव टाकताना ते वायपोचं नाही हे लक्षात आलं आणि हात थांबला. नोंदण्या सगळ्यांना दिसतील अशाच प्रसिद्ध होतात, तिथून माहिती उचलून ही पत्रं धाडतात. वायपोने आपल्या संकेतस्थळावर अशा पत्रांचे नमुनेच लावून ठेवलेत. आमच्याकडे त्यांची आता चांगली जाड फाइल झाली आहे. काहींची छपाई जिनिव्हाच्या खऱ्या पत्रांपेक्षा सुबक आहे.

खरी पत्रं आली ती नवव्या महिन्यापासून. तात्पुरता नकार, असं त्याचं नाव. एका देशाच्या परीक्षकाला आमचं वर्णन फारच पसरट वाटलं. चार्जर कसले, ॲप कशासाठी, सगळं नेमकं सांगा. उत्तर द्यायचं तर तिथलाच वकील लागतो. म्हणजे एका अर्जाची स्वस्ताई पहिल्या नकारापर्यंतच. आम्ही तिथे चार्जर आणि ॲप दोन्ही सोडून दिले, तरी वकिलाचं बिल आलंच.

दुसऱ्या नकाराचं पत्र मी तीनदा वाचलं. कारण साधं होतं. या देशात १८व्या वर्गात हेच नाव आधीच नोंदलेलं आहे. खाली मालकाचं नाव. आमचा वितरक.

त्याने आमच्याशी करार केल्यानंतर सहा आठवड्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज केला होता. तारीख बघून मी बोटं मोजली. १८व्या वर्गाचा आमचा सहा महिन्यांचा अवधी आम्ही वाया घालवला नसता, तर आमची तारीख त्याच्या आधीची ठरली असती. ते पाच महिने इथे बोचले.

भावाने लगेच फोन लावला. पलीकडून शांत आवाजात उत्तर आलं, "तुमच्याच भल्यासाठी केलं. दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर?" भावाला काय बोलावं सुचेना. खरं सांगायचं तर त्यात तथ्यही होतं, आणि म्हणूनच जास्त राग आला. बाईंना आश्चर्य वाटलं नाही. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या एजंटाने स्वतःच्या नावावर चिन्ह नोंदवलं, तर मालकाला हरकत घेता येते, नोंदणी रद्द करून मागता येते किंवा देशाच्या कायद्यात सोय असेल तर स्वतःच्या नावावर करून घेता येते. हे पॅरिस करारातच लिहिलेलं आहे. पण तो आपला एजंट होता हे सिद्ध करावं लागतं. आमच्या वितरण करारात ट्रेडमार्कविषयी एक ओळही नव्हती. होत्या त्या ईमेली, बिलं आणि त्याने पाठवलेली पहिली ऑर्डर, जिच्यात त्यानेच लिहिलं होतं, 'तुमच्या ब्रँडच्या चाळीस बॅगा'. 'तुमच्या' या एका शब्दावर बाईंनी पिवळी रेघ मारली आणि प्रत तिथल्या वकिलाला धाडली.

खटल्याची वेळ आली नाही. तो नावाचं हस्तांतर करायला तयार झाला, त्याचा नोंदणीचा खर्च आम्ही द्यायचा या अटीवर. सही करायच्या आदल्या दिवशी बाईंनी नोंदवही पुन्हा तपासली. करार आमच्याशी त्याच्या कंपनीने केला होता, पण नोंदणी होती त्याच्या व्यक्तिगत नावाने. कंपनीच्या शिक्क्याचा कागद आम्ही घेऊन बसलो असतो आणि नाव त्याच्याकडेच राहिलं असतं. आयपॅडच्या बाबतीत ॲपलचं असंच झालं होतं. नाव विकत घेतलं प्रोव्ह्यू नावाच्या उद्योगसमूहाच्या तैवानमधल्या कंपनीकडून, आणि चीनमधली नोंदणी निघाली त्याच समूहाच्या शेन्झेनमधल्या कंपनीच्या नावावर. २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर मोजून ते मिटलं. आमचं एका दुरुस्त कागदावर मिटलं. तो वितरक आजही आमच्याच बॅगा विकतो. भाऊ त्याच्याशी बोलत नाही, मी बोलते.

आणि मग तिसऱ्या वर्षी, इतर देशांतून होकार येत असताना, घरीच घोटाळा झाला. आमच्याच देशातल्या ९व्या वर्गाच्या अर्जावर एका जुन्या कंपनीने हरकत घेतली. त्यांचं नाव आमच्या नावाशी मिळतंजुळतं आणि त्यांचा धंदा चार्जर-इयरफोनचा. बॅगांशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. भावाने 'टाकून ठेवलेल्या' ओळींनी त्यांना जागं केलं होतं.

हे एका देशापुरतं असतं तर चाललं असतं. पण आंतरराष्ट्रीय नोंदणी पहिली पाच वर्षं पायावर अवलंबून असते. त्या काळात पाया ढासळला तर वर उभारलेलं सगळं, सगळ्या देशांत, तेवढ्या वस्तूंपुरतं पडतं. पाच वर्षं संपायच्या आत सुरू झालेल्या वादाचा निकाल नंतर लागला तरीही. वकील मंडळी याला सेंट्रल ॲटॅक म्हणतात. अमेरिकेत, जपानमध्ये, युरोपात कुणाची काही तक्रार नसताना, घरच्या एका हरकतीवर सहा ठिकाणच्या कॅमेऱ्याच्या बॅगा टांगलेल्या. अगदीच पडझड झाली तर तीन महिन्यांच्या आत त्या त्या देशात स्वतंत्र अर्जात रूपांतर करता येतं, जुनी तारीख राखून. पण मग पुन्हा प्रत्येक देशाची फी, प्रत्येक देशाचा वकील.

त्या आठवड्यात बाईंनी एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. त्याचंच जास्त लागलं.

त्या कंपनीच्या वकिलांशी चार महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी समझोता झाला. आम्ही चार्जर, इयरफोन, ॲप सगळं यादीतून काढायचं, 'बॅगा आणि आवरणं, खास कॅमेरा व लॅपटॉपसाठी' एवढंच ठेवायचं, आणि त्यांनी हरकत मागे घ्यायची. घरी यादीला कात्री लागली, तशीच जिनिव्हाच्या नोंदवहीतही लागली आणि तिथून सगळ्या देशांत. उरलं ते नेमकं आम्ही शिवतो तेवढंच.

त्यानंतरचं काम कॅलेंडरचं आहे आणि ते कंटाळवाणं आहे. जिनिव्हाचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी, सगळ्या देशांचं एकदम. पण अमेरिकेला तेवढं पुरत नाही. तिथे नोंदणीनंतर पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान नाव खरंच वापरात आहे असं शपथेवर सांगावं लागतं, पुराव्यासकट, आणि तेही जिनिव्हाला नाही, थेट अमेरिकेच्या कार्यालयाला. राहिलं तर तिथली नोंदणी जाते. चीनमध्ये आणि जपानमध्ये सलग तीन वर्षं, युरोपीय संघात पाच वर्षं वापर नसेल तर नोंदणी रद्द करून मागता येते. चीनसाठी आम्ही म्हणून थोडी का होईना, पण खरी विक्री सुरू केली. तिथल्या ग्राहकांसाठी चिनी लिपीतलं नावही वेगळं नोंदवलं. आपण दिलं नाही तर बाजार आपलं नाव ठेवतो आणि ते भलताच कुणी नोंदवतो. अमेरिकी बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनला आपल्या आडनावाचं चिनी रूप परत मिळवायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल २०१६चा.

माझ्या कपाटात आता देशागणिक एक खोका आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक खोक्यात एक तारीख असलेलं बिल, बॅगेवरच्या टॅगचा एक फोटो आणि माल पाठवल्याचा एक कागद जातो. भाऊ त्याला ताईचं संग्रहालय म्हणतो.

परवा तो कारखान्यातून एक नमुना घेऊन आला. बॅगेच्या बाजूच्या खिशात बसणारी पाण्याची बाटली, वर आमचं नाव कोरलेलं. "बघ ताई, बॅगेसोबतच द्यायची. म्हणजे ही बॅगेतच धरली जाईल ना?"

मी बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. छान होती.

"एकवीस," मी म्हटलं.